शिरक्याच्या रांजणाच्या जागी

आमच्या उत्तरेकडच्या छिंगशू गावाचं पाणी जड आहे, हे मी कधीच नाकारलं नाही. पण जड म्हणजे वाईट, हे मला माझ्या बायकोने शिकवायची गरज नव्हती. याच पाण्यावर माझे आजोबा नव्वदी ओलांडून गेले. याच पाण्यावर मी वाढलो, आणि जन्मभर शिरक्याच्या, म्हणजे व्हिनेगरच्या, कारखान्यात रांजण हलवूनही माझी कंबर शाबूत आहे. किटलीच्या तळाला पांढरा थर धरतो, तर धरू दे. वाटीभर शिरका ओतून उकळी आणली की खपल्या सुटून वर येतात. रोग आमचा, औषधही आमचंच. यात तक्रारीला जागा कुठे आहे, असं मी सूयुनला लग्नाच्या पहिल्या वर्षापासून सांगत आलो.

तिला ते कधी पटलं नाही, कारण ती दक्षिणेतली. तरुणपणी मी कारखान्याचा शिरका विकायला आनशीच्या डोंगरात गेलो होतो. शिरका कोणी घेतला नाही, बायको मात्र मिळाली. तिचे वडील, लिआओ आबा, चहा पिकवणारे. लग्नाला ते एवढ्या लांब आमच्या घरी आले, सोबत स्वतःच्या मळ्यातला चहा घेऊन. स्वतःच्या हाताने तो केला, एक घोट घेतला आणि पेल्यात बघत राहिले. चहा काळपट झाला होता आणि वर तेलकट साय धरली होती. त्यांनी पेला खाली ठेवला.

"सूयुन, या पाण्यात चहा मरतो गं," एवढंच म्हणाले आणि दुसऱ्या दिवशीच्या गाडीने परत गेले. त्यानंतर आबा कधी आमच्याकडे आले नाहीत. आम्हीच जायचो.

पण दर वसंतात त्यांच्याकडून चहाचा डबा यायचा. आला की फोन यायचा, "कसा लागला?" आणि सूयुन म्हणायची, "फार छान, आबा. अगदी घरच्यासारखा." फोन ठेवून ती चहावरची साय चमच्याने काढायची आणि उरलेलं काळं पाणी औषध घ्यावं तसं संपवायची. डबा दर वर्षी जास्तच कोंबलेला असायचा. पुढे पुढे तर झाकण बसेना, म्हणून आबा वरून सुतळी बांधायला लागले. मला वाटायचं, वयाने म्हाताऱ्याचा अंदाज सुटत चाललाय.

या शरदात आबा घरासमोरच्या ओल्या पायऱ्यांवरून घसरले. हाड मोडलं नाही, पण सूयुनची झोप उडाली. तिथल्या हिवाळ्यात भिंतींनाही ओल सुटते, आणि घरात आबा एकटे. इथे भिंतीलगतच्या नळ्यांतून गरम वाफ घरभर फिरते, बाहेर बर्फ असला तरी आत माणूस सदऱ्यावर बसतो. ती रोज फोन करून विनवायला लागली. शेवटी आबा म्हणाले, "बरं, येतो. तुझ्या घरी बसून एक चहादाणी पितो. तू सांगतेस तसा लागला तर राहतो. नाही लागला तर मला परत गाडीत बसवायचं आणि पुन्हा हा विषय काढायचा नाही."

फोन ठेवला तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"त्यात काय एवढं? बाटलीचं पाणी आणू," मी म्हणालो.

"आणि आबा राहिले तर? जन्मभर त्यांच्यापासून बाटली लपवणार आहेस का, म्हाताऱ्या?"

अशा रीतीने आमच्या घरात पाणी हलकं करायचं मशीन आणायचं ठरलं. म्हणजे तिने ठरवलं. मी ऐकलं.

पहिला विक्रेता स्वतःहूनच दारी आला. केस चोपून बसवलेले, हातात पेटी. त्याने आमच्या नळाचं पाणी एका पेल्यात घेतलं, आपल्या बाटलीतलं दुसऱ्यात ओतलं, आणि दोन्हींत विजेच्या कांड्या बुडवल्या. बघता बघता आमचा पेला गढूळ तपकिरी झाला, वर घाणेरडा फेस आला. त्याचा पेला तसाच निवळशंख.

"मावशी, हे तुम्ही रोज पिता," तो हळहळत म्हणाला.

मी खरंच घाबरलो. सूयुन मात्र शांतपणे स्वयंपाकघरात गेली आणि एक वाडगा घेऊन आली. नुकत्याच आम्ही नूडल्स खाल्ल्या होत्या आणि आमच्याकडच्या रीतीप्रमाणे नूडल्स उकडलेलं पाणी वर प्यायलो होतो. त्यातलंच ते उरलेलं.

"यात बुडव," ती म्हणाली.

"त्याची काय गरज आहे, मावशी?"

"बुडव की. आमच्या ह्यांनी याचे दोन वाडगे आत्ताच रिचवलेत. जगतात की नाही, कळू दे."

वाडगाही तपकिरी झाला. मग तिने त्याच्या निवळशंख पेल्यात चिमूटभर मीठ टाकलं आणि कांड्या स्वतःच बुडवल्या. तोही पेला तपकिरी. "तुझ्या कांड्या गंजतायत, बाळा. पाण्याला कशाला बदनाम करतोस?" ती म्हणाली. पेटी आवरताना तो आमच्या नजरेला नजर देत नव्हता. मी त्याला दारापर्यंत सोडायला गेलो आणि आत येऊन पोट धरून हसलो. तिच्या डोळ्यांत मात्र तेव्हाच लढाईवर निघालेल्या माणसाची चमक होती.

मग ती बाजारात निघाली, आणि मला पिशव्या उचलायला सोबत नेलं. तिच्या पर्समध्ये झाकणाची काचेची बाटली आणि कपड्याच्या साबणाचा तुकडा. प्रत्येक दुकानात तेच. दुकानदार माहितीपत्रकं पसरायचा, ती म्हणायची, "चालू मशीन आहे का? त्याचं पाणी द्या." बाटलीत पाणी घ्यायचं, साबणाची एक चकती टाकायची आणि जोरजोरात हलवायचं. आमच्या नळाच्या पाण्याचं अशाने नासलेल्या दुधासारखं होतं, फेस नावाला नाही. काही दुकानांत थोडा फेस यायचा आणि बसायचा. एका दुकानात तर आमच्या नळापेक्षा वाईट गुठळ्या निघाल्या. दुकानदार म्हणाला, "हे मशीन आज थकलंय." सूयुन म्हणाली, "मग त्याला घरी पाठवा," आणि बाहेर पडली. तिसऱ्या चौथ्या दुकानापासून मला मजा यायला लागली, हे मी तिला सांगितलं नाही.

शेवटी रेन नावाच्या बाईच्या लहानशा दुकानात बाटली झाकणापर्यंत फेसाने भरली, आणि चहा पिऊन होईपर्यंत तो फेस हलला नाही. सूयुनने तिथे आबांच्या चहाचं सगळं सांगितलं. रेनबाई स्पष्ट बोलणाऱ्या होत्या. "टाकीत मणी असतात. पाण्यातला दगड ते धरून ठेवतात. मणी भरले की हे शेजारचं पिंप त्यांना मिठाच्या पाण्याने धुतं, म्हणजे ते परत कामाला. पिंपातलं मीठ संपू द्यायचं नाही, बस. पण एक सांगते, यातून तुमच्या माहेरच्या डोंगराचं पाणी येणार नाही. दगड जाईल, एवढंच."

"दगड जाऊ दे," सूयुन म्हणाली. "पुढचं मी बघते."

मशीन घरी आलं आणि खरा प्रसंग माझ्यावर ओढवला. पाण्याची मुख्य नळी स्वयंपाकघराच्या ज्या कोपऱ्यात शिरते, तिथेच जमिनीत मोरीचं भोक आहे. मशीन लावायला तीच एक जागा. आणि त्या जागेवर माझा शिरक्याचा रांजण उभा. कमरेएवढा, माझ्या बापाच्या वेळचा, दर हिवाळ्यात बाहेर गोठवून वरचा बर्फ काढून दाट केलेला शिरका त्यात असतो. पाहुण्याला तो आधी नाकाने पाजतो आम्ही, वास दाराशीच येतो.

"त्याला हलवायचं नाही," मी म्हणालो.

प्लंबर हातात पाना घेऊन आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघत होता. सूयुनने फळीवरचा आबांचा डबा खाली काढला, सुतळी सोडली आणि माझ्या हातात दिला. झाकण उघडताच चहाचा वास आला, फुलांचा, ओल्या डोंगराचा. डब्यात आनशी होतं, आणि आमच्या पेल्यात ते इतक्या वर्षांत एकदाही उतरलं नव्हतं. मी बराच वेळ तो वास घेत उभा राहिलो. मग प्लंबरला म्हणालो, "त्या बाजूने धर. तळाला हात घाल. सांडलास तर बघ."

रांजण गॅलरीत गेला. त्याच्या जागी उंच टाकी आणि तिच्या शेजारी झाकणाचं निळं पिंप बसलं. पिंपात मिठाच्या पांढऱ्याशुभ्र वड्या. प्लंबरने मुख्य नळी कापली, जोडली, मोरीत सांडपाण्याची नळी सोडली आणि तोटी फिरवली. सूयुनने नळाखाली बाटली धरली, साबण टाकला, हलवली. फेस झाकणाला लागला. ती मोठ्याने हसली. लग्नानंतर या घरात ती इतक्या मोठ्याने हसलेली मला आठवत नाही.

अंघोळीला गेलो तर अंग बुळबुळीत, साबण निघता निघेना. "हे कसलं पाणी? हात लावला की माणूस निसटतो," मी आतून ओरडलो. ती बाहेरून म्हणाली, "निसटू दे. खपल्या तरी गेल्या तुझ्या." पण त्या पाण्याचा चहा तिने करून बघितला नाही. पहिली चहादाणी आबांची, असं तिने मनाशी पक्कं केलं होतं. रोज सकाळी फक्त नेमाने बाटली हलवायची आणि फेस बघायची.

आबा यायच्या दिवशी सकाळी तिने बाटली हलवली आणि फेस आला नाही. पुन्हा हलवली. नासलेलं दूध.

ती जमिनीवरच बसली. "गेलं," म्हणाली. आबांची गाडी दुपारी लागणार होती.

मी निळ्या पिंपाचं झाकण उघडलं. आत बघितलं. विश्वास बसेना म्हणून चष्मा लावून पुन्हा बघितलं. पिंपात कोबीचे गड्डे होते. पाव पाव चिरलेले, नीट रचलेले, मधे मधे लसूण आणि तिरफळं, आणि सगळ्यावर दाबायला एक गोल, गुळगुळीत दगड. तो दगड मी बरोबर ओळखला. माझ्या आईचा. आईमागे तो माझ्या थोरल्या बहिणीकडे, रुइलिएनताईकडे गेला. ताई खालच्याच मजल्यावर राहते, आणि आमच्या घराची किल्ली तिच्याकडे असते. परवा आम्ही आबांसाठी रजई आणायला गेलो होतो, तेव्हा ताईबाईंनी वर येऊन हिवाळ्याचा कोबी खारवून टाकला होता.

हाक मारताच ताई वर आली आणि उलट आमच्यावरच चढली. "मीठ होतं, पाणी होतं, झाकण होतं. खारवायच्या पिंपाला आणखी काय लागतं?"

"नळी दिसली नाही तुला?"

"दिसली की. म्हटलं, आजकाल कशालाही नळ्या असतात. आणि मीठ काय सुरेख, एकेक वडी बघत राहावी. मनात म्हटलं, सूयुनने इतक्या वर्षांत पहिल्यांदा शहाण्यासारखी खरेदी केली."

सूयुन जमिनीवरून उठली नव्हती. ताईच्या लक्षात आलं तशी ती वरमली. तिच्याजवळ उकिडवी बसली आणि हळूच म्हणाली, "अगं, दुकानातून पाण्याच्या दोन बाटल्या आणते. म्हाताऱ्याला कळणारसुद्धा नाही."

"नको, वन्सं," सूयुन म्हणाली. "इतकी वर्षं मी फोनवर त्यांच्याशी खोटं बोलले. तोंड दिसत नव्हतं म्हणून जमलं. आता समोर बसून नाही जमायचं."

मग ती उठली, बाह्या वर केल्या आणि रेनबाईंना फोन लावला. रेनबाई आधी पोटभर हसल्या, मग कामाचं बोलल्या. पिंप रिकामं करा, धुवा, नवं मीठ आणि पाणी भरा, विरघळायला वेळ द्या. मशीनच्या डोक्यामागे बोटभर जाळी आहे, ती उघडा. मीठपाणी ओढताना तिथेच काहीतरी अडकलं असणार.

कोबी बादल्यांत गेला. मी जमिनीवर आडवा होऊन जाळी उघडली. तिरफळाचं एक टरफल तिथे असं फिट्ट बसलं होतं, की कारागिराने मापाने बसवावं. ते काढलं तरी नळी तुंबलेलीच. मी ती तोंडात धरून फुंकली. काही होईना म्हणून उलट ओढली, आणि लसणाच्या वासाचं जहाल खारं पाणी माझ्या घशात गेलं. डोळ्यांतून धारा लागल्या. पण नळी मोकळी झाली.

"कोबीला मीठ बरोबर पडलंय का रे?" ताईने विचारलं. सूयुन हसली, आणि मला वाटलं, आता जमेल.

ताईला आम्ही स्टेशनवर पाठवलं. म्हटलं, रमतगमत आण, वाटेत नूडल्स खाऊ घाल, वेळ काढ. मीठ विरघळल्यावर सूयुनने मशीनचं बटण दाबलं आणि ते आतल्या आत स्वतःला धुवायला लागलं. मोरीत खळखळ सुरू झाली. ती अजून चालूच होती तेवढ्यात दार वाजलं.

आबा दारात उभे होते. किती लहान झाले होते ते. एका हातात काठी, दुसऱ्यात कापडी पिशवी. मागे ताई खांदे उडवत म्हणाली, "काही खायलाच तयार नाहीत."

"पोट चहासाठी रिकामं ठेवलंय," आबा म्हणाले.

सूयुन त्यांच्या पाया पडल्यासारखी वाकली आणि त्यांचे जोडे काढायला लागली. मान वर न करताच म्हणाली, "आबा, थोडं थांबावं लागेल. पाणी अजून तयार नाही."

"पाण्याला तयार व्हायला काय लागतं?"

ती त्यांना मशीनपाशी घेऊन गेली आणि सगळं सांगितलं. मणी, मीठ, दगड, कोबी. काही लपवलं नाही. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो. आबांनी तिवई ओढली, मशीनसमोर बसले आणि मोरीत पडणाऱ्या पाण्याकडे बघायला लागले.

"पानं सुकायला घातली की मीही असाच बसून राहतो," ते म्हणाले. "घाई केली की वास उतरत नाही."

खळखळ थांबली. सूयुनने थोडं पाणी सोडून दिलं, मग बाटली भरली, साबण टाकला आणि ती आबांच्या हातात दिली. त्यांनी ती दोनदा हलवली असेल, फेस वर चढला. आबा लहान मुलासारखे फेसाकडे बघत होते.

किटली ठेवली. नवा डबा त्यांनी पिशवीतून काढला. चहादाणी गरम केली, पहिलं पाणी ओतून टाकलं, दुसरं घातलं, झाकण उचलून वास घेतला. पेल्यात चहा उतरला तो सोनेरी. साय नाही, काळपट नाही, पेल्याच्या तळाचं निळं फूल स्पष्ट दिसत होतं. आम्ही तिघंही श्वास रोखून बसलो होतो. ताईसुद्धा गप्प होती, यावरून काय ते समजा.

आबांनी एक घोट घेतला. तोंडात फिरवला. दुसरा घेतला. पेला संपवला. मग दुसरा पेला भरून सूयुनपुढे सरकवला.

"डोंगराचं पाणी नाही हे," ते म्हणाले. "पण चहाच्या आड येत नाही. पी."

ती प्यायली. डोळे मिटून, हळूहळू. तिच्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंडावर हसू होतं.

"हा असा असतो," आबा म्हणाले. "मग फोनवर काय सांगायचीस?"

"खोटं सांगायचे, आबा."

"ते मला पहिल्याच वर्षी कळलं. या घरचा चहा मी स्वतः प्यायलो होतो की. म्हणून तर दर वर्षी डब्यात मूठभर जास्त कोंबत गेलो. म्हटलं, एवढा मरतोय त्यातला थोडा तरी जिवंत पोरीपर्यंत पोचू दे."

माझी नजर फळीवरच्या रिकाम्या डब्यांकडे गेली. अलीकडच्या प्रत्येकाला सुतळी. मला वाटायचं म्हाताऱ्याचा अंदाज सुटलाय. मी चष्मा काढून पुसला, आणि ताईने विचारलं तेव्हा म्हणालो, त्या खाऱ्या पाण्याने अजून डोळे झोंबतायत.

सूयुनने सरळ बाहीने डोळे पुसले आणि ताठ बसली. "आता पुढच्या वर्षी डबा अर्धाच भरून पाठवा, आबा. इथे आता काही वाया जात नाही."

"पुढच्या वर्षी पाठवायचा कोणी?" आबा म्हणाले. "गावाकडे माझ्या पुतण्याला सांग, घराला कुलूप लाव म्हणावं."

मग त्यांनी पिशवीतून आपल्या कापडी सपाता काढल्या, काठी टेकत दारापर्यंत गेले आणि माझ्या सपातांशेजारी नीट जोडीने ठेवल्या.